ऑलिंपिकवीर मल्ल खाशाबा जाधव

कुस्ती हा महाराष्ट्राच्या मातीत रुजलेला खेळ. गाव कितीही लहान असो, तेथे मारुतीचे देऊळ असते आणि देवळाच्या आसपास एखादी तालीम असते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हलगी कडाडते, फड भरतो, आणि रेवड्या-नारळांच्या कुस्त्यांपासून मानाच्या कुस्तीपर्यंत खेळ चढत जातो. या परंपरेने शेकडो नामांकित मल्ल दिले. परंतु त्यांची कीर्ती बहुधा ज्यांनी त्यांची कुस्ती पाहिली त्यांच्या स्मरणातच राहिली आणि ती पिढी सरली की तीही मावळली. लिखित इतिहासात ज्यांचे नाव कायमचे कोरले गेले, असे मल्ल थोडे. त्या थोडक्यांत अग्रमान सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांचा आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये लाभलेले पहिले वैयक्तिक पदक होय. त्या पदकाची कथा पराक्रमाची तर आहेच. पण पराक्रमाची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्नही तिच्या पोटात आहे.

खाशाबांच्या कर्तृत्वाची पार्श्वभूमी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी मल्लविद्येला जो उदार आश्रय दिला, त्याला तोड नाही. दूरदूरच्या मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणून वसविले, तालमींना उत्पन्ने लावून दिली आणि १९१२ साली खासबागेचे भव्य मैदान उभे केले. मध्यभागी उंचावर हौद आणि सभोवती उतरती बैठक अशी त्या मैदानाची रचना असल्याने हजारो प्रेक्षकांना कोठूनही कुस्ती नीट दिसते. तालमीत खुराक, हौदात माती आणि पाठीशी राजा, अशी ती व्यवस्था होती. मल्लाने अंग कमवावे आणि मैदान मारावे. त्याच्या दूध-तुपाची, बदामाची चिंता दरबाराने वाहावी.

जगातील कुस्ती मात्र निराळ्या वाटेने चालली होती. ऑलिंपिक स्पर्धा या हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळावर पोट भरणाऱ्याला तेथे प्रवेश नव्हता. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा जो पहिला अधिकृत संघ गेला, त्यामागे सर दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांची प्रेरणा होती. त्या लहानशा संघात शिंदे आणि नवले हे दोन मल्ल होते. त्यांपैकी शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. पदक एका पायरीने हुकले. पुढे बत्तीस वर्षे गेली आणि ती पायरी खाशाबांनी ओलांडली.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडनजीकच्या गोळेश्वर या गावी झाला. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून हे गाव फार दूर नाही. वडील दादासाहेब हे स्वतः कसलेले पैलवान. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात शेती आणि कुस्ती या दोनच गोष्टींचे वातावरण असल्याने चालता येऊ लागले तेव्हापासूनच मुलाचे पाय मातीत रुळले. वडिलांनीच त्यांना पहिले धडे दिले. पहाटे उठून जोर-बैठका, मग माती खणणे, मग लढती, असा तो क्रम. बालवयातच आसपासच्या जत्रांतून त्यांचे नाव होऊ लागले. अंगलट आडदांड नव्हती. उंची मध्यम, बांधा सडसडीत. पण कमरेत विलक्षण लवचीकपणा आणि हालचालीत विजेची चपळाई. देहाच्या वजनावर विसंबता येत नाही हे ज्याला लवकर उमगते, तो डावावर विसंबायला शिकतो. खाशाबांचे तसेच झाले. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत घेऊन त्याला आपल्या अंगावरून फेकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव ठरला.

कराडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण झाले. हा काळ सातारा जिल्ह्याच्या इतिहासात धगधगता म्हणून ओळखला जातो. १९४२ च्या चले जाव आंदोलनानंतर जिल्ह्यात भूमिगतांची चळवळ फोफावली आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्या धामधुमीत शाळकरी खाशाबाही मागे राहिले नाहीत. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप आणि पत्रके पोहोचविणे ही जोखमीची कामे त्यांनी केली. देशासाठी काही करावयाचे ही भावना त्यांच्या ठायी पुस्तकातून आली नव्हती. ती गावाच्या वाऱ्यातच होती. देश स्वतंत्र झाला तेव्हा हा तरुण एकवीस वर्षांचा होता, आणि भूमिगतांच्या निरोपांऐवजी आता तिरंगा घेऊन जाण्याची वाट त्याला कुस्तीत दिसू लागली.

उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आले. गोळेश्वरच्या पोरासाठी कोल्हापूर म्हणजे कुस्तीची काशी. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या खेळाला धार आली. एका बाजूला महाविद्यालयाचे वर्ग आणि दुसऱ्या बाजूला तालीम, अशी दुहेरी तपश्चर्या सुरू झाली. बुद्धी आणि बळ यांचे वैर असते असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. खाशाबांसारख्या विद्यार्थी मल्लांनी तो आपल्या आचरणाने खोटा पाडला. विद्यार्थी असल्यामुळेच ते हौशी खेळाडू राहिले, आणि हौशी राहिल्यामुळेच ऑलिंपिकचे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. हे महाराज म्हणजे शहाजी छत्रपती. देवास थोरल्या पातीच्या गादीवरून १९४७ साली ते कोल्हापूरला दत्तक आले होते. माळव्यातून आलेल्या या राजाने शाहू छत्रपतींची मल्लविद्येची परंपरा अशा रीतीने पुढे चालविली.

लंडनला पोहोचल्यावर खाशाबांपुढे उभी राहिलेली अडचण प्रतिस्पर्ध्यांहूनही मोठी होती. ती पायांखालची होती. आजवरचे सारे आयुष्य त्यांनी तांबड्या मातीत घालविले होते. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती अंगाला माया लावते. पडणाऱ्याला झेलते, पकड घट्ट करते आणि खेळाचा वेग आपल्या लयीत ठेवते. मातीतल्या कुस्तीला घड्याळ नसते. दोन्ही खांदे जमिनीला लागून मल्ल चीतपट झाला की निकाल. तोवर तासही जावा. ऑलिंपिकमध्ये मातीच्या जागी मॅट होती, लढतीला वेळेची मर्यादा होती आणि कोणी चीत झाला नाही तर पंचांच्या मतावर जयपराजय ठरे. संथपणे जोखून, दमवून, मग डाव टाकणारा मातीतला मल्ल तेथे पंचांच्या लेखी मागे पडे. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने लंडनच्या स्पर्धेपूर्वी त्यांना मॅटवरील कुस्तीची ओळख करून दिली. एवढ्या अल्प तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात उतरले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि अखेर सहाव्या क्रमांकावर राहिले.

पहिल्याच प्रयत्नात सहावा क्रमांक, तोही अपरिचित मॅटवर, ही लहान गोष्ट नव्हती. पण खाशाबांनी तिचा गौरव मानला नाही. परत येताच पुढची चार वर्षे डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी तयारी आरंभिली. व्यायामाचे प्रमाण वाढविले, मॅटवरील नियमांना अनुसरून डावांचा वेग वाढविला आणि वरच्या वजनगटात, म्हणजे बँटमवेटमध्ये, लढण्याचे ठरविले. मातीने दिलेले बळ न गमावता मॅटची रीत आत्मसात करणे हे त्यांच्या साधनेचे सूत्र होते.

या चार वर्षांत देशही बदलला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ती इष्ट आणि अटळ घटना होती. परंतु तिचा एक परिणाम तालमींना सोसावा लागला. मल्लाच्या पाठीशी असलेला राजा गेला होता आणि त्याच्या जागी येणारे सरकार खेळाकडे आपले कर्तव्य म्हणून पाहावयास अद्याप शिकले नव्हते. जुना आश्रय सरला, नवा उभा राहिला नाही. या मधल्या पोकळीत जी गुणवान माणसे सापडली, त्यांचे खाशाबा हे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

हेलसिंकीसाठीची निवडही सुखासुखी झाली नाही. निवडीच्या प्रक्रियेत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढतीची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून प्रश्न मातब्बरांच्या चर्चेतून आखाड्यात आणला आणि तेथेच सोडविला. निवड झाली, आता प्रश्न उरला पैशांचा. सरकारकडे केलेल्या विनंत्यांतून गरज भागेना. तेव्हा गोळेश्वर आणि कराड परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आपल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. तरीही रक्कम अपुरी पडली. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले.

या घटनेपाशी क्षणभर थांबले पाहिजे. १९५२ साली सात हजार रुपये ही मध्यमवर्गीय माणसाच्या दृष्टीने छाती दडपून टाकणारी रक्कम होती. विद्यार्थी पदक आणील याची कोणतीही हमी नव्हती. तो हरला असता तर घरही जाण्याचा संभव होता. शिष्यासाठी गुरूने केलेल्या त्यागाच्या कथा आपल्या पुराणांत नाहीत असे नाही. पण तेथे बहुधा शिष्यच गुरुदक्षिणा देतो. येथे गुरूने आधी दक्षिणा दिली आणि मग फळाची वाट पाहिली.

हेलसिंकीला भारताच्या पथकात कोल्हापूरच्या मातीत वाढलेले आणखी एक मल्ल होते, केशव माणगावे. फेदरवेट गटात ते चौथे आले आणि त्यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. एकाच स्पर्धेत दोन मराठी मल्लांनी पदकाच्या इतक्या निकट पोहोचावे, ही त्या काळच्या दक्षिण महाराष्ट्रातील तालमींच्या सामर्थ्याची साक्ष आहे.

खाशाबांच्या बँटमवेट गटात चांगली चुरस होती. त्यांनी कॅनडाच्या मल्लाला चीतपट केले. मेक्सिकोच्या मल्लाचीही तीच गत झाली. जर्मनीच्या मल्लावर त्यांनी पंचांच्या निर्णयाने विजय मिळविला. चीतपटीची मातीतली सवय आणि निर्णयावर जिंकण्याची मॅटवरची शिस्त, या दोन्ही विद्या त्यांच्या अंगी आता एकत्र नांदत होत्या. अखेरच्या टप्प्यात त्यांची गाठ जपानचा शोहाची ईशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह या दोन बलाढ्य मल्लांशी पडली. या दोन लढतींमध्ये नियमाप्रमाणे मिळावयास हवी असलेली विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांच्या वतीने हरकत घेण्यास भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, अशी हकिकत सांगितली जाते. दमलेल्या खाशाबांना दोन्ही लढती गमवाव्या लागल्या. ईशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा निकाल लागला. तो दिवस होता २३ जुलै १९५२. त्या वर्षी भारताला हॉकीचे सुवर्णपदक आणि खाशाबांचे कांस्यपदक अशी दोनच पदके मिळाली. एक संघाचे होते. दुसरे एका माणसाचे.

कराड स्थानकावर उतरलेल्या खाशाबांचे जे स्वागत झाले, ते त्या भागाच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले. शंभराहून अधिक बैलगाड्या शृंगारून आल्या होत्या. ढोल-ताशांच्या गजरात निघालेल्या मिरवणुकीला एरवी काही मिनिटांत संपणारे गोळेश्वरपर्यंतचे अंतर तोडावयास कित्येक तास लागले. ज्या लोकांनी चार-चार आणे वेचून वर्गणी दिली होती, त्यांच्या दृष्टीने ते पदक परक्याचे नव्हते. त्यात प्रत्येकाचा वाटा होता.

सत्काराच्या माळा सुकल्यावर खाशाबांनी जे केले, त्यातच त्यांचे खरे मोठेपण दिसते. पदक मिळाले म्हणून ते ऋण विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. विजयानंतर बहुतेकांचे हात घेण्यासाठी पुढे येतात. हा विजयी मल्ल देण्यासाठी पुन्हा लांग कसून आखाड्यात उतरला. हेलसिंकीचे पदक त्याने देशाला दिले; हे घर त्याने आपल्या गुरूला परत दिले. दोन्हींचे मोल कमी-अधिक ठरविणे कठीण आहे.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांची तयारी चालू होती. पण गुडघ्याच्या दुखापतीने घात केला आणि ऑलिंपिकचे पर्व तेथेच संपले. पोलीस खात्यात त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ सेवा केली. खात्यांतर्गत स्पर्धा गाजविल्या आणि तरुण मल्लांना शिकविले. वरच्या पदावर जाण्यास मात्र त्यांना फार काळ वाट पाहावी लागली. निवृत्तीच्या थोडे आधी ते सहायक पोलीस आयुक्त झाले. ऑलिंपिक पदक मिळविलेला मल्ल आपल्या खात्यात आहे, याची जाणीव त्यांच्या सेवाकाळात क्वचितच कोणी बाळगली असावी. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा क्रीडाज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले. हा त्यांना हयातीत लाभलेल्या मोजक्या राष्ट्रीय सन्मानांपैकी एक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी देशाचा स्वातंत्र्यदिन होता. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

मृत्यूनंतर मान हळूहळू चालत आले. महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कार त्यांना मरणोत्तर लाभला. अर्जुन पुरस्कार मिळण्यास २००० साल उजाडावे लागले. म्हणजे पदकानंतर अठ्ठेचाळीस वर्षे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या पदकानंतर दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी भारताला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या टेनिसमधील कांस्यपदकापर्यंत, थांबावे लागले. कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली सुशील कुमारने आणले. एवढ्या प्रदीर्घ काळात या देशात बळाची वाण होती असे म्हणता येणार नाही. तालमी घुमत होत्या, फड रंगत होते. उणीव होती ती बळाला वाट दाखविणाऱ्या, खर्च उचलणाऱ्या आणि जगाच्या नियमांची ओळख करून देणाऱ्या व्यवस्थेची.

खाशाबांचे चरित्र वाचताना म्हणूनच मन एकाच वेळी अभिमानाने आणि खंतीने भरून येते. अभिमान अशासाठी की, एका लहान गावाने, एका महाविद्यालयाने आणि एका प्राचार्याने मिळून जे काम राष्ट्राचे होते ते पार पाडले. खंत अशासाठी की, ते त्यांना पार पाडावे लागले. सार्वजनिक संस्था वर्गणीवर उभ्या राहतात, हे शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको. कोणी चार आणे देतो, कोणी आपले कपाटभर ग्रंथ देतो, कोणी आयुष्याची संध्याकाळ देतो. आणि त्यातून असे काही उभे राहते, जे देणाऱ्यांच्या पश्चात उरते. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांची नावे आणि त्यांच्या वर्गणीचे आकडे काळाच्या ओघात पुसले गेले असतील. परंतु १९५२ च्या ऑलिंपिकच्या नोंदीत बँटमवेट गटाच्या तिसऱ्या ओळीवर जे नाव आहे, त्याच्या मागे ते सारे उभे आहेत.